मुलाला संवाद नाही

तोरसकरांनी स्पेन कधी पाहिला नव्हता.
सोहारच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात ते भांडारपाल,
दिवसभर नटबोल्ट मोजून देत, सही घेत,
आणि रात्री एसीच्या घरघरीत
आंदालुसियातलं एक गाव लिहीत.

मंडळाने त्यांची तीन नाटकं केली.
मी प्रॉम्प्टर. विंगेत खुर्ची, मांडीवर वही,
दातांत धरलेली बारकी विजेरी.
नटांना नव्हती तेवढी मला ती पाठ.

एकात पाण्याच्या पाळीवरून सुरा निघतो.
एकात खळ्यावरची गंजी पेटते.
तिसऱ्यात काहीच होत नाही,
फक्त एक खोली बाहेरून बंद असते
आणि बाया अंगणात बदाम सोलत बसतात.
काळ्या शाली आम्ही अबायाच्या कापडाच्या केल्या.
सूकमधला शिंपी हळू आवाजात म्हणाला, कोण गेलं?

‘समुद्र नको,’ ते बजावत.
‘गाव समुद्रापासून दोन दिवसांवर.’
हे बोलत होतो तेव्हा खिडकीतून
बंदरावरचे दिवे दिसत होते.
माडही नको, मासळीचा वास नको,
वारा आला तर तो कोरडाच यायला हवा.
ऑलिव्ह त्यांनी सुपरमार्केटातून आणले एकदा,
अभ्यास म्हणून. एक चावला
आणि हळूच रुमालात थुंकला.

पण हात लिहिता लिहिता घसरतो.
स्पेनमधली एक म्हातारी विळीवर बसली होती,
मी खोडून सुरी केली.
पाऊस नसलेल्या गावात पागोळ्या गळत होत्या.
विहिरीवर रहाट होता, तो कुरकुरायचा,
आणि त्या कुरकुरीसाठी
अख्खी अर्धी ओळ होती कंसात: (थांबतो. पुन्हा.)
ती मी खोडली नाही.

मंडळातल्या कुणीतरी विचारलंच,
स्पेन कशाला? आपलं कोकण काय वाईट?
ते नटबोल्ट मोजावेत तसे बोटं मोजत राहिले.
मग म्हणाले,
‘तिथली माणसं अजून जिवंत आहेत.’

तिन्ही नाटकांत एक मुलगा आहे.
अकरा वर्षांचा. कंदील धरून उभा राहतो.
सुरा निघतो तेव्हा असतो,
आग लागते तेव्हा असतो,
बंद दाराशी तर पहिल्या अंकापासून.
पात्रपरिचयात नाव नाही त्याला.
पुढे लिहिलंय: मुलाला संवाद नाही.

कुंदावहिनी एकदा तालमीनंतर डबे पुसताना म्हणाल्या,
ह्यांना एक थोरली बहीण होती.
घरात तिचा फोटो नाही.
झाकण बसेना म्हणून त्या पुन्हा पुसत राहिल्या.

तिसऱ्याच्या प्रयोगाला मुलगा तापाने फणफणला.
पर्याय नव्हता. सत्तावन्न वर्षांचे तोरसकर
आखूड विजार घालून कंदील धरून उभे राहिले.
पहिल्या रांगेत थोडं हसू फुटलं, विरलं.
दुसरा अंक. बाया बदाम सोलताहेत.
वहीत माझ्यासमोर कोरी जागा,
कारण मुलाला संवाद नाही.
तेवढ्यात दाराकडे तोंड करून ते म्हणाले,

‘बाय, चावी माझ्याकडे आसा.’

कोण म्हणालं ते मला आधी कळलंच नाही.
आवाज अकरा वर्षांचा होता,
आणि मालवणी कुठल्याही अंकात नव्हती.
बायांचे हात थांबले.
मी पानं उलटत राहिले, पुढे, मागे,
जणू कुठेतरी असेल
आतून द्यायचं उत्तर,
आणि मी ते कुजबुजत्या आवाजात सांगू शकेन
आत कुणी असेल तर.

दार प्लायवूडचं. त्यामागे पाण्याच्या बाटल्यांचे खोके
आणि घाम पुसणारा आमचा प्रकाशयोजक.

मग त्यांनी कंदील खाली ठेवला, तो विझला नाही,
सेलवरचा होता.
कुणीतरी पडदा पाडला, एक अंक आधीच.
लोकांना वाटलं, असंच आहे. टाळ्या वाजल्या.

मेमध्ये तोरसकर निवृत्त होऊन गावी गेले.
वह्या माझ्याकडेच राहिल्या.
त्या जागी मी पेन्सिलीने तो संवाद लिहिला,
मग खोडला,
तरी कागदावर वळ राहिलाय.
विजेरी तिरकी धरली तर वाचता येतो.